एका तारेपासून सहा फ्यूजपर्यंत

पहिल्या मोटारसायकलीत वीज नव्हतीच. १८८५ साली गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी जर्मनीत लाकडी सांगाड्याची दुचाकी चालवली. तिच्या इंजिनातले इंधन पेटायचे ते बाहेरून ज्योतीवर लालबुंद तापवलेल्या एका नळीमुळे. १८९४ पासून विक्रीसाठी बनू लागलेल्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलरच्या गाडीतही हीच तापती नळी होती. दिवा नाही, हॉर्न नाही, बॅटरी नाही. त्यामुळे जळेल अशी तारही नाही. आज पुण्याहून किंवा नाशिकहून लेहला निघालेल्या गाडीची सीट उचलली, तर कंपनीच्या फ्यूजांशेजारी मालकाने बसवून घेतलेली सहा फ्यूजांची वेगळी पेटी दिसते. या दोन गाड्यांमध्ये सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. गाडीवर विजेची कामे एकेक करून वाढत गेली आणि प्रत्येक वाढीबरोबर तारेच्या रक्षणाचा प्रश्न नव्याने उभा राहिला.

गाडीत वीज शिरली ती ठिणगीसाठी. श्टुटगार्टमध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. इंजिन फिरले की मॅग्नेटो स्वतःच वीज तयार करून प्लगला ठिणगी देई. बॅटरीची गरजच उरली नाही. रात्रीच्या उजेडासाठी मात्र कार्बाइडचा दिवा असे. त्याच्या वरच्या कप्प्यातून थेंबथेंब पाणी खालच्या कॅल्शियम कार्बाइडवर पडे, ॲसिटिलीन वायू तयार होई आणि तो काडी लावून पेटवावा लागे. दिव्याचा प्रकाश चांगला पडे. पण पाण्याचा नळ कमीजास्त करत बसावे लागे आणि प्रवास संपला की चुन्याचा चिखल खरवडून काढावा लागे.

ही कटकट संपवण्याचे धाडस अमेरिकेतल्या इंडियन कंपनीने १९१४ मध्ये केले. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डच्या या कंपनीने ‘हेंडी स्पेशल’ नावाची गाडी बाजारात आणली. तिच्यात विजेचे दिवे आणि विजेचा स्टार्टर दोन्ही मुळातच दिलेले होते आणि त्यासाठी ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या. कल्पना काळाच्या फार पुढची होती. त्या काळच्या बॅटऱ्या इतका भार पेलू शकल्या नाहीत आणि कंपनीला ते मॉडेल गुंडाळावे लागले. पुढच्याच वर्षी हार्ले-डेव्हिडसननेही विजेचे दिवे दिले, पण स्टार्टरच्या वाटेला ती गेली नाही. किती वीज तयार होते आणि किती खर्च होते, हा जमाखर्च मोटारसायकलवाल्यांना पहिल्यांदा त्या काळात मांडावा लागला.

ब्रिटनमध्ये या जमाखर्चाचे गणित बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीने सोडवले. मॅग्नेटो आणि डायनॅमो एकाच अंगात जोडलेला तिचा ‘मॅगडायनो’ १९२० च्या दशकापासून ब्रिटिश गाड्यांवर दिसू लागला. मॅग्नेटोचा भाग ठिणगी सांभाळी, डायनॅमोचा भाग ६ व्होल्टची बॅटरी भरी आणि बॅटरी दिवे व हॉर्न चालवी. गाडी उभी असतानाही दिवा लागू लागला. सोय मोठी होती, पण तिच्यासोबत धोकाही आला. मॅग्नेटोची तार चुकून सांगाड्याला टेकली, तर ठिणगी बंद पडून इंजिन थांबते, एवढेच होते. बॅटरीची तार टेकली, तर बॅटरी आपली सगळी साठवण एका क्षणात त्या तारेतून ओतते. आजची १२ व्होल्टची लहानशी बॅटरीसुद्धा अशा वेळी शंभराहून जास्त अँपिअर देऊ शकते. बोटाच्या पेरात मावणारी तार तेवढ्या प्रवाहात काही सेकंदांत लाल होते आणि तिच्यावरचे प्लास्टिक पेट घेते.

यावरचा उपाय मोटारसायकलीच्या आधीपासून माहीत होता. १८४७ साली फ्रान्समध्ये लुई ब्रेगे यांनी तारायंत्राच्या कचेऱ्यांना विजेच्या कडाडण्यापासून वाचवण्यासाठी एक साधी युक्ती सुचवली. बाहेरून येणाऱ्या जाड तारेला इमारतीत शिरण्यापूर्वी बारीक तारेचा एक तुकडा जोडायचा. वीज कोसळली तर तो वितळेल आणि आतली यंत्रे वाचतील. १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून घरोघरी वीज देणाऱ्या थॉमस एडिसनना हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर पडला आणि त्यांच्या वीजवाटपाच्या व्यवस्थेत फ्यूज हा कायमचा घटक झाला. १८९० मध्ये त्यांनी त्याचे पेटंटही घेतले.

फ्यूजचे काम कळायला धातूंचे दोन आकडे पुरेत. तांबे १,०८५ अंश सेल्सियसला वितळते, जस्त सुमारे ४२० अंशांना. आजच्या गाडीतल्या फ्यूजची आतली पट्टी जस्ताच्या मिश्रधातूची असते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. म्हणून मर्यादा ओलांडताच तांब्याची तार तापण्याच्या आत ही पट्टी मधोमध तुटते. यातून एक गोष्ट निघते आणि तिच्याबद्दल आजही गैरसमज आहे. फ्यूज असतो तारेच्या रक्षणासाठी. त्याचा आकडा ठरतो तो तार किती प्रवाह निमूटपणे वाहू शकते यावरून. पुढे जोडलेला दिवा किंवा हॉर्न किती महागाचा आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही.

ब्रिटिश गाड्यांनी मात्र एका फ्यूजवर भागवले. १९६० च्या दशकातल्या लुकासच्या वायरिंगमध्ये बॅटरीच्या तारेत एक काचेचा फ्यूज असे आणि त्याच्यावर ३५ अँपिअर लिहिलेले असे. गाडीचा सांगाडा तेव्हा धन टोकाला जोडलेला असल्याने हा फ्यूज ऋण टोकाच्या तारेत बसे. इथे एक मोठा घोटाळा दडलेला होता. ब्रिटिश पद्धतीत फ्यूजवरचा आकडा म्हणजे तो ज्या प्रवाहाला उडतो तो प्रवाह; सतत वाहून नेण्याची त्याची क्षमता त्याच्या निम्मीच, म्हणजे १७-१८ अँपिअर. अमेरिकी पद्धतीत लिहिलेला आकडा सतत वाहणाऱ्या प्रवाहाचा. जुन्या ब्रिटिश गाडीत कोणी अमेरिकी ३५ चा फ्यूज घातला, तर तो उडण्याआधी तारच जळते. जुन्या गाड्या हौसेने जपणाऱ्यांनी ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी अशी आहे.

भारतात हा सगळा वारसा बुलेटसोबत आला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी ३५० सीसीच्या रॉयल एनफिल्ड बुलेट मागवल्या आणि १९५५ पासून मद्रासमध्ये त्या जोडल्या जाऊ लागल्या. बुलेटच्या हेडलाइटच्या घडीव डोक्यावर, स्पीडोमीटरच्या सोबतीला, एक छोटी तबकडी असे. ती म्हणजे अँमीटर. १९५८ मध्ये सुरू झालेल्या मिंडा या आजच्या बड्या वाहन-उद्योगाची सुरुवातच बुलेटसाठी अँमीटर बनवण्यापासून झाली.

या अँमीटरचा काटा वाचणे ही मेकॅनिकची विद्या होती. चावी फिरवली की काटा किंचित डावीकडे झुके, म्हणजे बॅटरीतून वीज खर्च होते आहे. हेडलाइट लावला की आणखी डावीकडे. किक मारून रेस दिली की काटा मध्यावरून उजवीकडे सरके, म्हणजे बॅटरी भरते आहे. आणि चावी फिरवताच काटा एकदम डाव्या टोकाला जाऊन आपटला, तर कुठेतरी तार सांगाड्याला टेकली आहे, म्हणजे शॉर्ट आहे, हे मेकॅनिक गाडीला हात न लावता सांगे. आजच्या डिजिटल मीटरवर बॅटरीचा दाब दिसतो, पण प्रवाह कुठल्या दिशेने वाहतो आहे हे इतक्या थेटपणे क्वचितच दिसते.

महाराष्ट्राच्या रस्त्यांवर मात्र बुलेटपेक्षा स्कूटर फार जास्त होत्या. पियाज्जोच्या परवान्याने बनणारी बजाजची स्कूटर, १९७२ मध्ये आकुर्डीतून आलेली चेतक आणि साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यात बनलेली प्रिया यांनी मध्यमवर्गाला चाके दिली. यातल्या बहुतेक गाड्यांना बॅटरीच नसे. मागच्या चाकाजवळ फिरणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइलमधून निघणारी वीज थेट दिव्याला जाई. रेस दिली की उजेड वाढे, सिग्नलला थांबले की दिवा मिणमिणू लागे. रेग्युलेटर नसल्याने मागचा बल्ब गेला की त्याच्या वाटणीचा दाब पुढच्या बल्बवर पडे आणि तोही उडे. म्हणून शहाणा माणूस डिकीत दोन्ही बल्ब जादा बाळगी. अशा वायरिंगमध्ये शॉर्ट झाला तरी कॉइल ठरावीक मर्यादेपलीकडे प्रवाह देऊ शकत नाही. त्यामुळे फ्यूजची गरज भासत नसे आणि तो नसेही.

याचा परिणाम दुरुस्तीच्या पेशावर झाला. आपल्याकडे फाट्याफाट्यावर दिसणारा ‘ऑटो इलेक्ट्रिशियन’ एका हाताने स्कूटरची फ्यूज नसलेली वायरिंग आणि दुसऱ्या हाताने मोटारीची फ्यूजवाली वायरिंग सांभाळत तयार झाला. कुर्ल्यात बनणाऱ्या फियाटमध्ये, म्हणजे पुढच्या प्रीमियर पद्मिनीत, युरोपी पद्धतीचे फ्यूज असत. बोटाच्या पेराएवढा चिनी मातीचा तुकडा आणि त्याच्या पाठीवर धातूची एक उघडी पट्टी. पांढरा तुकडा ८ अँपिअरचा, लाल १६ चा. पट्टी तुटली आणि नवा फ्यूज खिशात नसला, तर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद त्याच्याभोवती गुंडाळून गाडी ‘चालू’ केली जाई. दिवा लागे, गिऱ्हाईक खूश होऊन जाई. पण त्या कागदाच्या घड्या किती, तो किती प्रवाहाला तुटेल, याचा कोणालाच अंदाज नसे. मूळ बिघाड तसाच राही आणि पुढच्या वेळी कागदाऐवजी वायरिंगचा सगळा जुडगा वितळे. एकमेकांना चिकटलेल्या लाल, काळ्या, हिरव्या तारांची ती काळी कांडी हातात घेऊन नवी वायरिंग ओढायला बसलेला कारागीर शहरोशहरी दिसे. तो जुन्या तारा एकेक सोडवून त्यांची लांबी आणि रंग नव्या तारांशी जुळवी आणि जोडावर सोल्डर मारून वर स्लीव्ह चढवी. तो कारागीर हुशार आणि कष्टाळू होता. त्याला दोष देता येणार नाही. योग्य आकड्याचा फ्यूज ऐनवेळी हाताशी असणे हीच तेव्हा दुर्मीळ गोष्ट होती.

दरम्यान जगाच्या दुसऱ्या टोकाला मोटारसायकलीचे काम बदलले. ६ व्होल्टची जागा १२ व्होल्टने घेतली. दाब दुप्पट केला की तेवढ्याच उजेडासाठी प्रवाह निम्मा लागतो: ३६ वॉटच्या बल्बला ६ व्होल्टवर ६ अँपिअर, १२ व्होल्टवर ३. तारा थंड राहू लागल्या आणि वरचेवर नवी उपकरणे जोडायला जागा झाली. १९६९ च्या होंडा सीबी-७५० ने विजेचा स्टार्टर बड्या गाड्यांवर रूढ केला. १९७४ मध्ये कोलोनच्या प्रदर्शनात होंडाने गोल्ड विंग मांडली आणि अमेरिकेत लांबच्या प्रवासाची एक नवी पिढी उभी राहिली. क्रेग व्हेटर यांच्या ‘विंडजॅमर’ फेअरिंगमुळे वाऱ्यापासून आडोसा मिळाला. त्या आडोशाला रेडिओ आला, जादा दिवे आले, थंडीत घालायचे विजेवर तापणारे जाकीट आले. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘आयर्न बट’ शर्यतीने तर चोवीस तासांत हजार मैल, म्हणजे सुमारे १,६०० किलोमीटर, गाडी चालवणाऱ्यांचा एक पंथच तयार केला. रात्रभर गाडी चालवायची म्हणजे उजेड हवाच.

ही सगळी उपकरणे जोडायची कुठे, हा प्रश्न होता. सुरुवातीला प्रत्येकाने सरळ बॅटरी गाठली. प्रत्येक उपकरणाची एक तार, तिच्यात लोंबता काचेचा फ्यूज आणि टोकाला थिंबल, म्हणजे बोल्टवर चढवायची धातूची कडी. बॅटरीच्या एका बोल्टवर चार-पाच थिंबल चढले की बोल्ट नीट आवळला जात नाही, जोड सैल राहतो, तापतो. कोणत्या तारेचा फ्यूज सीटखाली आहे आणि कोणाचा टाकीखाली, हे मालकालाही आठवत नाही. काहींनी दुसरा मार्ग धरला: मूळ वायरिंगमधल्या मागच्या दिव्याच्या तारेला फाटा काढून नवे उपकरण जोडायचे. तसे केल्यावर नव्या उपकरणात बिघाड झाला की मागचा दिवाही जातो आणि रात्रीच्या महामार्गावर हे जिवावर बेतते.

याच काळात फ्यूज स्वतः बदलला. शिकागोत १९२७ मध्ये एडवर्ड संट यांनी स्थापन केलेल्या लिटेलफ्यूज कंपनीने मुळात विजेची नाजूक मोजमाप-यंत्रे जळू नयेत म्हणून छोटे फ्यूज बनवायला सुरुवात केली होती. याच कंपनीने १९७६ मध्ये वाहनांसाठी दोन पात्यांचा ब्लेड फ्यूज आणला. काच नाही, त्यामुळे हादऱ्याने फुटायची भीती नाही. पाती घट्ट रुततात. रंगावरून आकडा कळतो: लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर. आत पाहिले की पट्टी तुटली आहे की नाही ते उजेडात दिसते. मुख्य म्हणजे कमी जागेत असे अनेक फ्यूज शेजारी शेजारी बसवता येतात. फ्यूजांची छोटी पेटी शक्य झाली ती या आकारामुळे.

मोटारसायकलवाल्यांनी पेटी घेतली ती बोटवाल्यांकडून. खाऱ्या पाण्यात गंज आणि आग या दोन्हींशी झगडणाऱ्या बोटींसाठी ब्लू सी सिस्टिम्ससारख्या अमेरिकी कंपन्या झाकण असलेल्या, प्रत्येक फ्यूजला वेगळा स्क्रू असलेल्या पेट्या बनवत. प्रवासी मोटारसायकलवाल्यांनी त्या सीटखाली बसवल्या. बोटींच्या अमेरिकी मानकात एक नियम आहे: बॅटरीपासून निघणाऱ्या तारेचा फ्यूज शक्यतो ७ इंचांच्या आत असावा. त्यामागचे कारण सरळ आहे. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तारेला कोणाचेच संरक्षण नसते. ती जितकी छोटी, तितका धोका कमी. पुढे खास मोटारसायकलींसाठी पेट्या निघाल्या. फ्यूझब्लॉक्स कंपनीच्या एफझेड-१ या पेटीत रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, आतच बसवलेला असतो आणि फ्यूज एका खाचेतून दुसऱ्या खाचेत हलवला की ते उपकरण कायम चालू ठेवायचे की चावीबरोबर, हे ठरते.

पेटीची रचना आता जगभर जवळपास सारखीच आहे. बॅटरीच्या धन टोकापासून एक जाड तार निघते, साधारण ४ चौरस मिलिमीटरची, आणि तिच्यात वीतभर अंतराच्या आत ३० अँपिअरचा मुख्य फ्यूज. ती तार रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला जाते. रिलेच्या ८५ आणि ८६ या टोकांपैकी एकाला सांगाडा आणि दुसऱ्याला चावीनंतर जिवंत होणारी एखादी तार, बहुधा मागच्या दिव्याची. या तारेवर भार पडतो तो फक्त रिलेच्या कॉइलचा, म्हणजे अँपिअरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढा. चावी फिरली की रिलेचे संपर्क जुळून ८७ क्रमांकातून पेटीला वीज मिळते. चावी काढली की सगळी उपकरणे मरतात आणि सकाळी बॅटरी उतरलेली सापडत नाही. हे टोकांचे आकडे जर्मन मानकातले आहेत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत घेतलेल्या रिलेवरही तेच कोरलेले असतात. पुढे प्रत्येक उपकरणाला आपला फ्यूज. २०-२० वॉटच्या दोन एलईडी दिव्यांना १२ व्होल्टवर ३.३ अँपिअर लागतात, म्हणून ५ चा. मोबाईल चार्जरला तेवढाही लागत नाही. मोठा हॉर्न असेल तर १० किंवा १५ चा, पण त्याची तारही तेवढी जाड हवी.

२००४ मध्ये बीएमडब्ल्यूने आर-१२०० जीएस बाजारात आणली तेव्हा वाटले की फ्यूजचे दिवस संपले. तिच्यात तारांचा जुडगा कमी करून उपकरणे एकमेकांशी संगणकाच्या भाषेत बोलतील अशी कॅन-बस पद्धत होती आणि नेहमीचे फ्यूजच काढून टाकले होते. एखाद्या शाखेत प्रवाह वाढला की इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ती शाखा बंद करी. पण त्यामुळे बाहेरच्या फ्यूजपेटीची गरज उलट वाढली. मूळ वायरिंगला फाटा काढून काही जोडले की नियंत्रकाला तो बिघाड वाटतो आणि तो ती शाखा तोडतो. जादा उपकरणांसाठी बॅटरीवरून निघणारी वेगळी वाट हाच निर्धोक मार्ग ठरला.

भारतात हा टप्पा गेल्या दहा-पंधरा वर्षांत आला. आधी बुलेटवाल्यांनी ३५ वॉटच्या जागी ६०/५५ वॉटचा एच-४ हॅलोजन टाकायला सुरुवात केली, काहींनी तर रस्त्यावर बेकायदा ठरणारा १००/९० वॉटचा. १०० वॉटला आठ अँपिअरहून जास्त लागतात. तीन अँपिअरच्या हिशोबाने केलेला हँडलवरचा स्विच वितळू लागला, तेव्हा रिले घरोघरी पोहोचला. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर कायम चालू राहणे सक्तीचे झाले आणि विजेच्या जमाखर्चातला एक मोठा खर्च कायमचा झाला. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्ड हिमालयन आली, चाकणमध्ये बनणाऱ्या केटीएमच्या प्रवासी गाड्या आल्या, आणि मनाली-लेहच्या वाटेवर मराठी मुलामुलींच्या गाड्यांवर फॉग लॅम्प, चार्जर, मोठा हॉर्न आणि कॅमेऱ्याची तार दिसू लागली.

म्हणून गाडीवर काही नवे बसवून घेणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. चांगल्या कारागिराकडे जा, त्याला पेटी लावायला सांगा, आणि तो ‘डायरेक्ट टाकतो, काही होत नाही’ म्हणाला तर नको म्हणा. प्रत्येक तारेला तिच्या जाडीइतकाच फ्यूज घाला. मुख्य फ्यूज बॅटरीजवळ ठेवा. प्रत्येक आकड्याचे दोन-दोन फ्यूज सीटखाली पिशवीत असू द्या; त्यांना पन्नास-शंभर रुपयांपेक्षा जास्त लागत नाहीत. आणि एखादा फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर मोठा फ्यूज घालू नका. गाडी बाजूला घ्या आणि आधी शॉर्ट शोधा.